गरोदरपणातलं वाढलेलं बीपी: पहिल्या मोजणीपासून बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांपर्यंत

पहिल्या गरोदरपणात ३४व्या आठवड्याच्या तपासणीला मी चालत गेले होते. पायांवर थोडी सूज होती, पण ती महिनाभर होतीच. नर्सने दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, मला पंधरा मिनिटं शांत बसवलं आणि पुन्हा मोजलं. १५२/९८. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, आदल्या रात्री झोपही चांगली लागली होती. ‘पण मला तर बरं वाटतंय,’ असं मी त्या दिवशी तीनदा तरी म्हणाले असेन.

त्या वाक्यामुळेच हा लेख लिहिते आहे. गरोदरपणातलं वाढलेलं बीपी बहुतेक वेळा अंगाला जाणवत नाही. जाणवू लागतं तेव्हा यकृत, मूत्रपिंडं किंवा मेंदू यांपैकी कशावर तरी ताण आलेला असू शकतो. म्हणून कसं वाटतंय यावर विसंबायचं नाही, आकड्यावर विसंबायचं. कोणतं औषध, किती, बाळंतपण कधी, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. बीपी नीट मोजणं, लिहून ठेवणं, वेळेत दवाखाना गाठणं आणि योग्य प्रश्न विचारणं मात्र तुमच्या आणि घरच्यांच्या हातात आहे. तेच इथे क्रमाने मांडते.

१. तीन आकडे पाठ करा

बीपीचे दोन आकडे असतात. वरचा आकडा हृदय आकुंचन पावतं त्या क्षणाचा, खालचा ते सैल पडतं त्या क्षणाचा. गरोदरपणात वरचा १४० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त, असा किमान चार तासांच्या अंतराने दोनदा आला तर बीपी वाढलं आहे असं धरतात. दोन्ही आकडे वाढलेले असायलाच हवेत असं नाही. १३२/९४ हेसुद्धा वाढलेलं बीपी आहे. घरातल्या शांत वातावरणात आकडा जरा कमी येतो, म्हणून काही डॉक्टर घरच्या मोजणीसाठी १३५/८५ ही रेषा धरतात. तुमच्यासाठी कोणती रेषा, हे विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

दुसरा आकडा १६०/११०. यातला एक जरी गाठला गेला तर ते गंभीर बीपी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि तेवढंच राहिलं तर लगेच निघायचं. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका याच टप्प्यावर वाढतो, आणि औषध अर्ध्या ते एका तासात सुरू व्हावं अशी अपेक्षा असते. उद्या सकाळी दाखवू म्हणून थांबण्याचा हा आकडा नव्हे.

तिसरा आकडा सगळ्यात दुर्लक्षित: तुमचा स्वतःचा, पहिल्या तीन महिन्यांतला. गरोदरपणात रक्तवाहिन्या सैलावतात, त्यामुळे बीपी आधी उतरतं, २० ते २४ आठवड्यांच्या सुमारास सगळ्यात खाली असतं आणि शेवटच्या तीन महिन्यांत हळूहळू मूळ पातळीवर येतं. पहिली मोजणीच पाचव्या महिन्यात झाली तर आधीपासून असलेलं बीपी या उतारात लपून जाऊ शकतं. मग आठव्या महिन्यात ते वर आलं की हे नवीन की जुनं, ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणून पहिल्या भेटीतला आकडा नुसता फाइलमध्ये राहू देऊ नका, तो तुम्हालाही माहीत हवा. सुरुवातीला ९६/६० असणारी बाई १२८/८४ वर आली तर ते व्याख्येनुसार वाढलेलं बीपी नाही. पण ही चढण डॉक्टरांच्या नजरेस आणून द्यावी आणि पुढची तपासणी लवकर ठेवावी.

२. आपलं बीपी कोणत्या प्रकारचं, ते विचारा

इथे २० आठवडे ही सीमारेषा आहे. गरोदर राहण्याआधीपासून किंवा २०व्या आठवड्याआधी दिसलेलं बीपी हे जुनं, म्हणजे गरोदरपणाशी संबंध नसलेलं. २० आठवड्यांनंतर पहिल्यांदाच वाढलं आणि लघवीत प्रोटीन नाही, रक्ताच्या तपासण्या ठीक आहेत, तर ते गरोदरपणामुळे आलेलं बीपी. आणि वाढलेल्या बीपीसोबत लघवीतून प्रोटीन जात असेल, किंवा प्लेटलेट्स, यकृत, मूत्रपिंड, फुप्फुसं, मेंदू यांपैकी कशावर परिणाम दिसत असेल, तर तो प्री-एक्लॅम्प्सिया. लघवीत प्रोटीन नसलं तरी बाकीच्या खुणांवरून हे निदान होतं. प्रोटीन नाही म्हणजे काळजी नाही, ही समजूत जुनी झाली.

एकदा लागलेलं लेबल कायमचं नसतं, हे लक्षात ठेवा. गरोदरपणामुळे आलेल्या साध्या बीपीचं पुढे प्री-एक्लॅम्प्सियात रूपांतर होऊ शकतं आणि ते जितक्या लवकरच्या आठवड्यात सुरू होतं तितकी ही शक्यता जास्त. जुनं बीपी असलेल्या बाईलाही वरून प्री-एक्लॅम्प्सिया होऊ शकतो. म्हणून हा प्रश्न प्रत्येक भेटीत नव्याने विचारायचा.

हे का होतं, याचं मूळ वारेत, म्हणजे बाळाला आईकडून पोषण पोचवणाऱ्या प्लॅसेंटात आहे. गर्भाशयाच्या भिंतीतल्या पिळदार रक्तवाहिन्या गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात रुंद आणि सैल व्हायला हव्यात, म्हणजे वारेला भरपूर रक्त मिळतं. काही गरोदरपणांत त्या पुरेशा रुंद होत नाहीत. रक्त कमी पडलेली वार आईच्या रक्तात असे घटक सोडते की तिच्या सगळ्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते. वाहिन्या आवळतात, त्यातून पाणी झिरपतं, बीपी चढतं. बिघाड सुरुवातीच्या महिन्यांतला, दिसतो मात्र शेवटच्या महिन्यांत. तुम्ही जिने चढलात, रडलात, कोणाशी भांडलात म्हणून हा आजार झालेला नाही. माझ्या मनात हा अपराधीपणा कित्येक दिवस होता, म्हणून मुद्दाम लिहिते.

३. बाराव्या आठवड्याच्या आत धोका तपासून घ्या

आधीच्या गरोदरपणात प्री-एक्लॅम्प्सिया झाला असेल, जुनं बीपी असेल, मधुमेह असेल, मूत्रपिंडाचा आजार, ल्युपससारखा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा) आजार किंवा अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम (रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवणारा आजार) असेल, किंवा पोटात जुळी असतील, तर धोका मोठा धरतात. पहिलंच गरोदरपण, ३५च्या पुढचं वय, बरंच जास्त वजन, आई किंवा बहिणीला झालेला प्री-एक्लॅम्प्सिया, दोन बाळंतपणांत १० वर्षांहून जास्त अंतर, आयव्हीएफने राहिलेला गर्भ, ही कारणं एकेकटी मध्यम. पण त्यातली दोन एकत्र आली तर तीही मोजायची.

यातलं काही लागू असेल तर डॉक्टरांना थेट विचारा: ‘मला कमी मात्रेचं अ‍ॅस्पिरिन लागेल का?’ हे औषध साधारण ७५ ते १५० मिलिग्रॅम, रोज, १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान सुरू करतात आणि बहुतेक ठिकाणी ३६व्या आठवड्यापर्यंत किंवा बाळंतपणापर्यंत देतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅस्प्रे या मोठ्या अभ्यासात जास्त धोका असलेल्या महिलांना रात्री १५० मिलिग्रॅम दिलं गेलं. ३७ आठवड्यांच्या आत होणाऱ्या प्री-एक्लॅम्प्सियाचं प्रमाण गोळी घेणाऱ्यांत १.६ टक्के आणि न घेणाऱ्यांत ४.३ टक्के आढळलं. वेळ इथे फार महत्त्वाची आहे, कारण वारेची मुळं रुजण्याचा काळ निघून गेला की या गोळीचा उपयोग कमी होत जातो. पोटात अल्सर, रक्तस्रावाचा आजार किंवा अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. स्वतःच्या मनाने सुरू मात्र करू नका.

ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी असतं त्यांना कॅल्शियमच्या गोळ्यांचाही फायदा होतो. लोहाची गोळी आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नका, कॅल्शियममुळे लोह कमी शोषलं जातं. जीवनसत्त्व क आणि ई यांच्या गोळ्यांनी हा आजार टळतो असं वाटत होतं. मोठ्या अभ्यासांत ते खरं ठरलं नाही.

आधीपासून बीपीची गोळी चालू असेल तर पाळी चुकल्याचं कळताच, खरं तर मूल हवं असं ठरवतानाच, ती गोळी दाखवून घ्या. एनालॅप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गटांतली औषधं गर्भाच्या मूत्रपिंडांना धोकादायक असतात आणि ती बदलावी लागतात. गोळी आपल्या मनाने बंद करणंही धोक्याचंच.

४. घरी बीपी मोजायला शिका

इथे सावकाश वाचा, कारण चुकीची मोजणी न मोजण्यापेक्षा वाईट. तिच्यामुळे खोटा दिलासा मिळतो.

मशीन दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटावरचं नको. गरोदरपणासाठी तपासून पाहिलेलं मॉडेल आहे का ते विचारा. साधी स्वयंचलित मशीन्स काही वेळा प्री-एक्लॅम्प्सियात खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतात. विकत घेतल्यावर ते दवाखान्यात न्या आणि त्यांच्या मोजणीशी ताडून पाहा. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. लहान पट्टा आकडा फुगवतो, फार मोठा पट्टा कमी दाखवतो. दंडाचा घेर टेपने मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी जुळवा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नको. लघवीला जाऊन या, कारण मूत्राशय भरलेलं असलं तरी आकडा चढतो. पाठीला टेकू असलेल्या खुर्चीवर बसा, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. पट्टा उघड्या दंडावर बांधा, बाही वर सरकवून तिचा करकोचा होऊ देऊ नका. मशीन फुगत असताना बोलायचं नाही, फोन बघायचा नाही. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं मोजा. ज्या हाताचा आकडा जास्त येईल तोच हात पुढे कायम धरा.

आता माझी चूक. दुपारी मी डाव्या कुशीवर पडलेली असायचे आणि तशीच वरच्या, म्हणजे उजव्या हाताचं बीपी मोजायचे. आकडा छान यायचा, १२४/७६ वगैरे. नर्सने वही पाहिली आणि विचारलं, ‘कशा बसून मोजता?’ मी सांगितलं. कुशीवर झोपल्यावर वरचा दंड हृदयाच्या बराच वर जातो, आणि दर १० सेंटीमीटरला आकडा साधारण ७ ते ८ ने कमी दिसतो. त्याच दिवशी तिने मला खुर्चीवर बसवून मोजलं तेव्हा १४४/९२ आलं. वहीतला आठवडाभराचा दिलासा खोटा होता. डाव्या कुशीवर झोपणं चांगलंच आहे, फक्त मोजताना उठून बसा.

आकडा वाईट आला की पुन्हापुन्हा मोजत राहून त्यातला सगळ्यात कमी लिहायचा मोह होतो. तसं करू नका. दोन वेळा मोजा, दोन्ही लिहा, बास. वहीत तारीख, वेळ, दोन्ही आकडे, त्या दिवशीच्या गोळ्या आणि काही त्रास असेल तर तो, एवढं पुरे. साधारणपणे सकाळ-संध्याकाळ मोजायला सांगतात. तुम्हाला किती वेळा, ते विचारून घ्या.

५. तपासण्या कशासाठी, हे समजून घ्या

लघवीच्या पट्टीवर प्रोटीन दिसलं तर पुढे प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर किंवा २४ तासांची लघवी तपासतात. २४ तासांत ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रोटीन म्हणजे लक्षणीय. नमुना देताना आधी जागा स्वच्छ धुवा, सुरुवातीची धार सोडून मधली धार घ्या. अंगावरून जाणारा स्राव मिसळला तर पट्टी उगाच पॉझिटिव्ह येते.

रक्तात तीन गोष्टी पाहतात. प्लेटलेट्स (१ लाखाच्या खाली गेल्या तर गंभीर), यकृताची एन्झाइम्स (नेहमीच्या दुप्पट झाली तर गंभीर) आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ (१.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरच्या वर गेलं तर मूत्रपिंडावर ताण). या तपासण्या एकदा चांगल्या आल्या म्हणजे सुटलो असं नाही. प्री-एक्लॅम्प्सियात त्या आठवड्यातून एकदोनदा, कधी रोजही कराव्या लागतात. जुन्या अहवालांशेजारी नवा ठेवून पाहा. प्लेटलेट्स २ लाख ४० हजारांवरून १ लाख ३० हजारांवर आल्या तर अहवालात फार लाल काही दिसणार नाही, पण ती घसरण बोलकी असते.

बाळासाठी वाढीची सोनोग्राफी, गर्भजलाचं प्रमाण आणि नाळेतल्या रक्तप्रवाहाचा डॉप्लर करतात. वारेला रक्त कमी पडलं तर बाळाची वाढ मागे राहते. हे कधी कधी आईचं बीपी फार चढण्याआधीच दिसतं.

६. ही लक्षणं दिसली की वेळ न बघता निघा

जोराचं डोकं दुखणं, जे पॅरासिटामॉल घेऊनही थांबत नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकणं, धूसर दिसणं, नजरेचा काही भाग नाहीसा होणं. पोटाच्या वरच्या भागात, छातीच्या हाडाखाली किंवा उजव्या बरगडीखाली दुखणं. धाप लागणं, विशेषतः आडवं पडल्यावर. चेहरा आणि हात एकदम सुजणं, आठवड्यात किलो-दोन किलो वजन वाढणं. लघवी फारच कमी होणं. अंगावरून रक्त जाणं, किंवा पोट दगडासारखं कडक होऊन सतत दुखणं, कारण वाढलेल्या बीपीत वार बाळंतपणाआधीच सुटण्याचा धोका असतो. आणि बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी होणं.

यातल्या पोटदुखीवर थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त फसवते ती हीच. ती पित्तासारखी वाटते. मळमळ होते, उलटी होते, घरात सगळे म्हणतात जेवणात काहीतरी आलं असेल, आणि पित्ताची गोळी घेऊन रात्र काढली जाते. खरं तर ते यकृताला सूज आल्यामुळे दुखत असू शकतं. रक्तपेशी फुटणं, यकृत बिघडणं आणि प्लेटलेट्स घसरणं हे एकत्र होतं त्याला हेल्प सिंड्रोम म्हणतात, आणि काही जणींत तो बीपी फारसं चढलेलं नसतानाही होतो. २० आठवड्यांनंतर पोटाच्या वरच्या भागात दुखू लागलं तर आधी बीपी मोजा. बीपी ठीक आलं आणि दुखणं राहिलं, तरीही त्याच दिवशी दाखवा.

दवाखान्यात पोचल्यावर घरच्यांनी सांगायचं वाक्य तयार ठेवा: ‘३५वा आठवडा आहे, बीपी वाढलेलं आहे, घरी १५८/१०४ आलं, दोन तासांपासून डोकं दुखतंय.’ नुसतं ‘हिला बरं वाटत नाही’ म्हटलं तर रांगेत बसवलं जाण्याची शक्यता असते.

७. औषधं आणि रोजचं वागणं

गरोदरपणात तीन औषधं सर्वाधिक वापरली जातात: लॅबेटालॉल, जास्त वेळ काम करणारी निफेडिपिन आणि मिथाइलडोपा. दमा असेल तर लॅबेटालॉल सहसा टाळतात, म्हणून दम्याचा उल्लेख आवर्जून करा. निफेडिपिनची सावकाश विरघळणारी गोळी चघळायची किंवा तोडायची नसते. तिने चेहरा तापतो, डोकं दुखतं, आणि इथे घोटाळा होतो: हे गोळीमुळे की आजारामुळे? त्याचा निवाडा घरी करायचा नाही. मोजायचं आणि फोन करायचा. मिथाइलडोपाने झोप येते, मन खालावतं.

पूर्वी सौम्य बीपीला औषध द्यावं की नाही, याबद्दल मतभेद होते. बीपी उतरवलं तर बाळाला रक्त कमी पडेल, अशी भीती असायची. जुनं बीपी असलेल्या सुमारे २४०० महिलांवरचा चॅप हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. बीपी १४०/९०च्या खाली ठेवल्याने आई आणि बाळ दोघांचे गंभीर त्रास कमी झाले आणि बाळं लहान जन्माला येण्याचं प्रमाण वाढलं नाही. तेव्हा ‘बाळाला नको’ म्हणून गोळी लपवून ठेवू नका. मात्र बीपीची गोळी आकडा खाली ठेवते, वारेतला बिघाड दुरुस्त करत नाही. आकडा सुधारला तरी तपासण्या चालूच राहतात, त्या यासाठी.

दिवसरात्र अंथरुणाला खिळून राहण्याने प्री-एक्लॅम्प्सिया टळत नाही. उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. दगदग कमी करणं आणि पूर्ण झोपून राहणं यांत फरक आहे. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर थोडं चालणं चांगलंच. मीठ पूर्ण तोडल्यानेही प्री-एक्लॅम्प्सिया टळत नाही. जुनं बीपी असेल तर मीठ बेताचं ठेवा, एवढंच. सर्दीसाठी नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्या आणि ज्येष्ठमध बीपी चढवतात, आणि आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या गरोदरपणात टाळायच्याच असतात. दुकानातून आपल्या मनाने काही आणू नका.

८. बाळंतपण कधी, हे आधीच बोलून घ्या

प्री-एक्लॅम्प्सिया थांबतो तो वार बाहेर आल्यावरच. म्हणून प्रश्न नेहमी तारखेचा असतो: आत ठेवल्याने बाळाला मिळणारे दिवस आणि त्याने आईला वाढणारा धोका. बीपी आटोक्यात असेल आणि गंभीर खुणा नसतील, तर गरोदरपणामुळे आलेल्या बीपीत आणि साध्या प्री-एक्लॅम्प्सियात साधारण ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर बाळंतपण करतात. गंभीर खुणा असतील तर ३४ आठवड्यांनंतर थांबत नाहीत. त्याआधी मोठ्या रुग्णालयात रोज तपासत दिवस पुढे ढकलतात आणि बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. आईची तब्येत ढासळली तर मात्र आठवडे मोजत बसत नाहीत.

बीपी वाढलं म्हणजे सिझेरियनच, असं नाही. कळा आणून नैसर्गिक बाळंतपण अनेकींचं होतं. प्लेटलेट्स पुरेशा असतील तर पाठीतून वेदनाशामक इंजेक्शनही देता येतं. वार पडल्यावर रक्तस्राव थांबवायला दिलं जाणारं मेथिलअर्गोमेट्रिन बीपी एकदम चढवतं आणि अशा बाईला ते टाळतात. म्हणून बाळंतपणाच्या खोलीत बीपीचा उल्लेख पुन्हा एकदा करायला सोबतच्या माणसाला सांगून ठेवा.

आणखी दोन गोष्टी आधीच विचारून ठेवा. अतिदक्षता विभाग आणि नवजात बाळांची सोय याच रुग्णालयात आहे का? नसेल तर रात्री-अपरात्री कुठे पाठवतात? मला हे कळलं ते अ‍ॅम्ब्युलन्स दारात उभी असताना.

९. फिट आली तर

प्री-एक्लॅम्प्सियात झटके आले की त्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात. तिला डाव्या कुशीवर वळवा. आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध, काही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ पाहा, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. झटके थांबल्यावरही कुशीवरच ठेवा आणि श्वास चालू आहे ना ते पाहत राहा. ती शुद्धीवर आली, बोलू लागली, तरी रुग्णालयात न्यायचंच.

तिथे मॅग्नेशियम सल्फेट देतात. बीपी खूप असेल तर फिट येण्याआधीच, ती टाळण्यासाठीही देतात. ३३ देशांत १० हजारांहून जास्त महिलांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय अभ्यासात या औषधाने फिट येण्याचा धोका निम्म्याहून अधिक घटला. ते देताना सगळं अंग आतून पेटल्यासारखं गरम वाटतं. मला वाटलं काहीतरी बिघडलं. ते अपेक्षित असतं. नर्स दर थोड्या वेळाने गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का पाहते, श्वास मोजते, लघवी मोजते. औषध जास्त होत नाही ना, हे त्यावरून कळतं. बाळंतपणानंतरही साधारण २४ तास ते चालू ठेवतात.

१०. घरी आल्यावर मशीन कपाटात टाकू नका

आमच्या घरी सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, मीही. बाळ हातात होतं, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. पाचव्या दिवशी रात्री डोकं दुखू लागलं. रात्रभर जागरण, दूध पाजणं, मान आखडलेली, म्हणून दुखत असेल असं धरून चाललो. बहिणीने हट्टाने बीपी मोजलं: १६४/१०८. त्या रात्री परत भरती व्हावं लागलं.

बाळंतपणानंतर बीपी बहुतेक वेळा तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वाधिक चढतं. अंगात साठलेलं पाणी परत रक्तात येतं, हे त्याचं एक कारण. म्हणजे घरी सोडण्याचा दिवस आणि बीपीचा शिखराचा दिवस जवळजवळ एकच. म्हणून घरी आल्यापासून निदान दहा दिवस रोज मोजा. पहिली फेरतपासणी तीन दिवसांत आणि दुसरी सात ते दहा दिवसांत करून घ्या. फिट बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत येऊ शकते, आणि ज्यांना गरोदरपणात बीपी कधीच नव्हतं त्यांनाही. डोकेदुखी, काजवे, वरची पोटदुखी, धाप ही लक्षणं या काळात तितकीच गंभीर धरा. दाखवायला गेल्यावर पहिल्या वाक्यातच ‘पाच दिवसांपूर्वी बाळंतपण झालंय’ असं सांगा. बाळ कडेवर नसलं की हे समोरच्याच्या लक्षात येत नाही.

लॅबेटालॉल, निफेडिपिन, एनालॅप्रिल घेत असताना बाळाला अंगावर पाजता येतं. एनालॅप्रिल गरोदरपणात चालत नाही, पण पाजताना चालतं. बाळ फार लवकर जन्मलेलं असेल तर तेवढं विचारून घ्या. मिथाइलडोपा चालू असेल तर बाळंतपणानंतर ती बहुधा बदलतात, मन खालावू नये म्हणून. गर्भनिरोधक निवडताना बीपीबद्दल सांगा, कारण इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या वाढलेल्या बीपीत टाळतात. आणि हो, बाळंतिणीकडे बघायला माणूस हवं. बाळाची शी, शू, झोप, वजन सगळे विचारतात. तिला दिवसातून एकदा ‘आज बीपी किती?’ एवढं विचारणारं कोणीतरी घरात नेमून ठेवा.

११. पुढचं

गरोदरपणामुळे आलेलं बीपी साधारण सहा ते बारा आठवड्यांत उतरतं. बारा आठवड्यांनंतरही वाढलेलं राहिलं तर ते कायमचं बीपी धरून त्यावर उपचार सुरू होतात. लघवीतलं प्रोटीनही गेलं ना, ते तपासून घ्या. प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या महिलांना पुढच्या आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. म्हणून वर्षातून एकदा बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायचं, कोणत्याही दवाखान्यात गेलं तरी हा इतिहास सांगायचा. पुढच्या गरोदरपणात प्री-एक्लॅम्प्सिया पुन्हा होण्याची शक्यता ढोबळमानाने सहापैकी एक. मागच्या वेळी तो खूप लवकर झाला असेल तर त्याहून जास्त.

रुग्णालयातून निघताना एक कागद मागून घ्या: कितव्या आठवड्यात बीपी वाढलं, सगळ्यात जास्त किती गेलं, लघवीत प्रोटीन किती, प्लेटलेट्स किती खाली आल्या, कोणती औषधं दिली, मॅग्नेशियम दिलं का, बाळंतपण कितव्या आठवड्यात, बाळाचं वजन किती. डिस्चार्ज कार्डावर यातलं बरंचसं नसतं आणि चार वर्षांनी कोणालाच आठवत नाही. त्याचा फोटो काढून फोनमध्येही ठेवा.

दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा नवव्या आठवड्यात मी तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. बाराव्या आठवड्यापासून अ‍ॅस्पिरिन सुरू झालं, आणि मशीन कपाटातून खाली आलं.